टायग्याची पाचची वेळ

माझ्या भाचीच्या मांजरीकडे एक पत्र आहे. भाची म्हणजे दादाची मुलगी. एमएस करायला अमेरिकेत गेली आणि तिथेच नोकरीला लागली. ती राहते त्या इमारतीत पाळीव प्राण्यांना बंदी. पण तिच्या चिंतारोगावर उपचार करणाऱ्या थेरपिस्टने लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या, की या मुलीला मानसिक आजार आहे आणि मांजर जवळ असल्याने तिला तो सोसायला मदत होते. तेवढ्यावर घरमालकाला मांजर ठेवू द्यावी लागली, वर प्राण्यासाठीचं वेगळं डिपॉझिटही मागता आलं नाही. हे दादाला सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, "मांजर ठेवायला कागद लागतो? मग उंदरांचं काय करतात तिकडं?"

दादा तेव्हा बरा होता. म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं. दिंडोरी तालुक्यात त्याची द्राक्षबाग आहे. "गावाचं नाव टाकू नको, बाकी काय लिहायचं ते लिही," असं त्याने सांगितलंय, म्हणून गावाचं नाव नाही.

भाचीच्या मांजरीला तिकडे 'इमोशनल सपोर्ट ॲनिमल' म्हणतात. अशा प्राण्याला काही शिकवलेलं असावं लागत नाही, त्याने नुसतं असायचं. सर्व्हिस डॉग वेगळा. तो अंध माणसाला रस्ता पार करून देतो, युद्धावरून परतलेल्या सैनिकाला वाईट स्वप्नातून जागं करतो. ठरावीक काम शिकलेला असतो म्हणून त्याला दुकानापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे मुभा असते. तिसरे ते थेरपी ॲनिमल. मालकाबरोबर इस्पितळात, शाळेत जायचं, चार लोकांकडून डोक्यावर हात फिरवून घ्यायचा आणि घरी यायचं. मांजरीला यातला फक्त घराचा हक्क. विमानाचाही होता, तो गेला. २०१८ च्या जानेवारीत न्यूअर्क विमानतळावर एक बाई चक्क मोर घेऊन आल्या, हा माझा आधार आहे म्हणून. मोराने त्या अरुंद खुर्चीत पिसारा कुठे ठेवायचा होता देव जाणे. कंपनीने काही त्याला चढू दिलं नाही. पण डुकरं, बदकं अशी पुष्कळ मंडळी त्याआधी उडून आली होती, कुत्रे चावल्याच्या तक्रारी झाल्या होत्या, आणि घरबसल्या पैसे भरून पत्र विकत देणाऱ्या वेबसाइटींचं पेव फुटलं होतं. शेवटी तिकडच्या परिवहन खात्याने नियमच बदलला. जानेवारी २०२१ पासून अशा प्राण्यांना घ्यायची विमान कंपन्यांवरची सक्ती उठली.

आपल्या कायद्यात असा प्रकारच नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा उपचार मिळण्याच्या हक्काबद्दल बोलतो, विमा कंपन्यांनी मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरावा असंही म्हणतो, पण कुत्र्या-मांजरांचा त्यात उल्लेख नाही. मला त्याचं फारसं काही वाटत नाही. पत्राचा प्रश्न एकट्या भाडेकरूला पडतो. आमच्याकडे प्रश्न पडला तो निराळाच.

दादाचं बिनसलं ते गारपिटीनंतर, असं गावात सगळे म्हणतात. नोव्हेंबर सरता सरता गारा आल्या. मणी धरलेले घड, वीस मिनिटांत सगळा चिखल. डोक्यावर सोसायटीचं कर्ज, त्यात मुलीच्या शिक्षणासाठी काढलेलं वेगळं. कारण इतकं ढळढळीत समोर होतं की दुसरं काही शोधायची कुणाला गरज वाटली नाही. पण वहिनीला आठवत होतं, की त्याआधीच्या दिवाळीतही तो लक्ष्मीपूजनाला पाटावर बसून मधेच उठून गेला होता. रात्री दोन-अडीचला जागा व्हायचा आणि ओट्यावर बसून राहायचा. 'उदास वाटतं' असं तो एकदाही म्हणाला नाही. डोकं जड आहे, छातीत धडधडतं, भाकरी घशाखाली उतरत नाही, एवढंच. त्यामुळे आधी ईसीजी झाला, मग थायरॉइड, मग पोटाची सोनोग्राफी, मग वणीला सप्तशृंगीच्या पायऱ्या. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले की घरचे खूश व्हायचे आणि दादा आणखी खचायचा, कारण आजार नाही म्हणजे आपणच कामचुकार, असा त्याचा हिशोब.

शेवटी एका फॅमिली डॉक्टरांनीच चिठ्ठी दिली आणि तो माझ्याकडे नाशिकला आला. मी पाथर्डी फाट्याजवळ राहते, दुसऱ्या मजल्यावर. वहिनी पहिल्या भेटीपुरती सोबत आली होती. मानसोपचारतज्ज्ञ बाई होत्या, माझ्याहून लहान. त्यांनी बराच वेळ झोपेचं, भुकेचं, कामाचं विचारलं. मग अगदी सरळ विचारलं, जीव नकोसा वाटतो का? दादा खाली बघत "कधी कधी" म्हणाला. आम्ही दोघी गार पडलो. बाई मात्र दचकल्या नाहीत. त्यांनी पुढचा प्रश्न वहिनीला केला: फवारणीची औषधं कुठे असतात? शेडमधल्या खोलीत. किल्ली कुणाकडे? खिळ्याला. मग आज गावी गेल्यावर खोलीला नवं कुलूप लावायचं आणि किल्ली घराबाहेरच्या विश्वासाच्या माणसाकडे ठेवायची, हे त्यांनी गोळ्या लिहायच्या आधी सांगितलं. एका चिठ्ठीवर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर लिहून दिला. हा केंद्र सरकारचा, फुकट, मराठीतही बोलता येतं. ती चिठ्ठी अजून माझ्या फ्रिजवर आहे.

आणि मग, पेन बाजूला ठेवून, त्यांनी दादाला विचारलं, "घरी तुमची वाट कोण बघतं?"

दादाने बराच विचार केला. म्हणाला, "कुत्रं."

वहिनी शेजारच्याच खुर्चीत बसली होती. पदर सारखा केला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागली.

टायग्या हे नाव मूळचं टायगर. आमच्याकडच्या वस्त्यांवर दर तिसऱ्या कुत्र्याचं नाव टायगर, टॉमी किंवा मोती असतं. हा पट्टेरी, एक कान मोडलेला, भाकरी-ताकावर वाढलेला. ना पट्टा, ना साखळी. बागेच्या बांधावर राखणीला असायचा आणि रात्री दादाच्या खाटेखाली. दादा नाशिकला आल्यापासून तो फाटकाशी बसून राहतो, खात नाही, असा वहिनीचा फोन आला. इकडे माझ्याकडे दादाचं तेच. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "सोय होत असेल तर आणा. मात्र कुत्रा आला म्हणून गोळी चुकवायची नाही आणि समुपदेशनही चुकवायचं नाही."

मी स्वतः कुत्र्यांची माणूस नाही. लहानपणी वस्तीवर कुत्री होती, पण ती अंगणातली. फ्लॅटमध्ये, देवघर असलेल्या घरात, सोफ्यावर केस, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. तरी पिकअपमध्ये टोमॅटोच्या क्रेटमागे बसून टायग्या नाशिकला आला.

फरशीवर त्याचे पाय टिकेनात. चारी पाय चार दिशांना. शेवटी जुनी सतरंजी दारापासून गॅलरीपर्यंत अंथरली तेव्हा तो त्या पट्टीवरून चालायला लागला. लिफ्टमध्ये पाऊल टाकायला तयार नाही. जिना त्याने जन्मात पाहिला नव्हता. वर आला तो पिकअपवाल्याने उचलून आणलेला. आणि घरात लघवी करायची नाही, हे मात्र त्याला कुणी न शिकवता पक्कं ठाऊक होतं. पहाटे पाच वाजता, बागेत जायच्या त्याच्या नेहमीच्या वेळेला, तो दाराशी उभा राहून कण्हायला लागला. मी उठले, साखळी लावायला गेले तर गुरगुरला. माझे यजमान उठले, त्यांच्यावरही गुरगुरला. दादा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला. त्या दिवसांत तो दात घासायलाही उठत नव्हता. नऊ वाजता चहा दिला तर अकराला थंड झालेला उचलायचा. कण्हणं वाढत गेलं. शेवटी तो उठला, काही न बोलता त्या पंचवीस किलोच्या धुडाला दोन्ही हातांवर घेतलं, लहान मूल घेतात तसं, आणि जिना उतरायला लागला. पहिल्या मजल्याच्या वळणावर टेकला, धापा टाकल्या, परत उचलला. मी वरून बघत होते. लुंगी-बनियनवर, अनवाणी, महिनाभरात पहिल्यांदा तो उन्हं यायच्या आत घराबाहेर होता.

दुसऱ्या दिवशीही पाच. तिसऱ्या दिवशीही पाच.

कुत्रा जवळ असला की माणसाला बरं का वाटतं, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. १७९६ मध्ये इंग्लंडात यॉर्क इथे विल्यम ट्यूक यांनी मनोरुग्णांसाठी जी जागा उघडली, तिच्या अंगणात ससे आणि कोंबड्या सोडलेल्या असत. बाकी ठिकाणी तेव्हा अशा माणसांना साखळदंड घालत. लांबलेल्या दुखण्यात एखादा लहानसा प्राणी रोग्याला चांगली सोबत करतो, हे फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनीही नोंदवलंय. खुद्द फ्रॉइडच्या खोलीत, रुग्ण कोचावर पडून बोलत असताना, जोफी नावाची चाऊ जातीची कुत्री बसलेली असे आणि तास संपला की तीच उठून दाराकडे जाई म्हणे. न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांना योगायोगानेच दिसलं, की आपल्याशी न बोलणारा मुलगा आपल्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याशी मोकळा होतो. १९६२ मध्ये त्यांनी कुत्र्याला सहउपचारक म्हणत त्यावर लेख लिहिला. लोक हसले, फीमधला वाटा कुत्र्याला देता का, असंही कुणी विचारल्याचं सांगतात. २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं, की कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक वाढतं, आई-बाळात वाढतं तेच.

हे सगळं मी दादा माझ्याकडे असताना रात्री फोनवर वाचत बसायचे. पण घरात जे घडत होतं ते यात नीट बसत नव्हतं. दादा टायग्याच्या डोळ्यांत काही बघत वगैरे नव्हता. पहिले काही दिवस तर तो त्याच्याशी बोलतही नव्हता. 'निरपेक्ष प्रेम' हे शब्द प्राण्यांबद्दल सारखे कानावर येतात; मला ते पटत नाहीत. टायग्याची अपेक्षा होती, आणि ती अगदी कडक होती: पाच वाजता खाली. आम्ही सगळे दादाला सूट देत होतो. राहू दे, झोपू दे, नको बोलू, जेवण नंतर कर. आजारी माणसाला जपायचं म्हणून घरातल्या प्रत्येकाने त्याच्याकडून काही मागणंच सोडलं होतं. टायग्याला आजाराबिजाराचं काही कळत नव्हतं, तो मागत राहिला.

समुपदेशन करणाऱ्या मुलीने, मुलगीच, पंचविशीतली असेल, हे ताबडतोब हेरलं. तिने दादाला समजावलं, की या आजारात माणूस म्हणतो मन लागलं की काम करीन, पण इथे गाडी उलटी चालते. आधी थोडं काम, मग मागून मन. म्हणून वहीत तासातासाची नोंद करायची, काय केलं आणि किती बरं वाटलं, दहापैकी गुण. दादाने डोकं हलवलं. "म्हणजे मूड यायची वाट बघत छाटणी लांबवायची नाही." ती मुलगी शहरातली, छाटणीचं तिला काही ठाऊक नव्हतं, पण तिने ते वाक्य तिच्या कागदावर लिहून घेतलेलं मी पाहिलं. दादाच्या वहीत पहिल्या आठवड्यात एकच नोंद सापडते: '५ वा. कुत्रं. ३ गुण.'

गोळ्यांचंही सांगायला हवं, कारण नुसती कुत्र्याची गोष्ट सांगितली की लोक तेवढीच घेऊन जातात. नैराश्यावरच्या या गोळ्या लागू पडायला दोन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त घेतात. सुरुवातीला मळमळ, अस्वस्थपणा, तोंड कोरडं, असे त्रास मात्र लगेच होतात. म्हणजे गुण येण्याआधी त्रास पदरात, आणि नेमकी त्याच काळात माणसं सोडून देतात. तो पट्टा टायग्याने पार करून दिला, असं माझं म्हणणं आहे. गोळी आपलं काम करेपर्यंत दिवसाला एक खुंटा होता. आजार उतरवला तो औषधाने आणि त्या मुलीच्या वहीने. हे मी इतकं ठामपणे म्हणते त्याला कारण आहे. दोनेक महिन्यांनी दादाला बरं वाटायला लागलं, झोप लागायला लागली, आणि त्याने परस्पर गोळ्या थांबवल्या. "आता टायग्या आहे की, गोळ्या कशाला?" तीन-चार दिवसांत चक्कर, चिडचिड, मान वळवली की डोक्यात झिणझिण्या. वहीतले गुण घसरले. टायग्या तेव्हाही पाचलाच उठवत होता, तेव्हाही पायाशीच होता. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि सांगितलं, की बरं वाटायला लागल्यानंतरही निदान सहा महिने घ्याव्याच लागतात, आणि थांबवायच्या तेव्हा हळूहळू कमी करत, त्यांच्या देखरेखीखाली.

या सगळ्यात आमची सोसायटी होतीच. सेक्रेटरी घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, मॅडम, शेतावरचं कुत्रं फ्लॅटमध्ये बरं दिसत नाही, पुढच्या मीटिंगला ठराव घेऊ म्हणतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, हे मला माहीत होतं. पण तळमजल्यावरच्या मुलाला रस्त्यावरचं कुत्रं चावलं होतं, त्याची इंजेक्शनं झाली होती, ते पोर टायग्या दिसला की आईच्या मागे लपायचं. त्या आईला मी कोणत्या सूचना वाचून दाखवणार? रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही, ही भीती खोटी नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांवरून २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्लीतली सगळी कुत्री निवाऱ्यात टाका म्हटलं आणि अकराच दिवसांत तो आदेश बदलून नसबंदी-लसीकरण करून परत सोडा म्हटलं. देश या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी किती तावातावाने बोलतो ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. आम्ही टायग्याला लस टोचून घेतली, त्याचं कार्ड सेक्रेटरींना दाखवलं, साखळीशिवाय न्यायचं नाही आणि घाण उचलायची असं कबूल केलं. ठराव बारगळला.

पण दादा इथे का राहतोय, याचं उत्तर मी काय दिलं? "कुत्र्याच्या पायाचं दुखणं आहे, नाशिकला दाखवतोय." लोकांना ते पटलंही. कुत्र्याचा पाय दुखतो हे जिन्यात उभं राहून सांगता येतं, भावाचं मन आजारी आहे हे येत नाही. भाचीच्या घरमालकाला मात्र आजाराचं लेखी कळलेलं आहे आणि तो तिला जिन्यात गुड मॉर्निंग म्हणतो.

फिरायला ते दोघे हायवेच्या कडेने पांडवलेणीच्या पायथ्यापर्यंत जायचे. फाळके स्मारकाच्या बाजूला पहाटे माणसं असतात, डोंगर चढणारी, योगासनवाली. दादा ती यायच्या आत, अंधारातच जाऊन यायचा. मला वाटत होतं छान चाललंय. समुपदेशनवाल्या मुलीने वही बघून विचारलं, "काका, तुम्ही माणसं टाळायला कुत्र्याची वेळ वापरता का?" दादा हसला. तिने काम दिलं: आठवड्यातून एकदा संध्याकाळी सातला, फाट्यावर गर्दी असते तेव्हा, टायग्याला घेऊन भाजीवाल्यांच्या रांगेतून जायचं. पहिल्यांदा दादा घामाने भिजून परत आला. पण त्या रांगेत त्याच्याशी कुणी त्याच्याबद्दल बोललंच नाही. "कोणती जात हो?" "चावतो का?" "कान कशानं मोडला?" हे असले प्रश्न. उत्तरं त्याला येत होती. एका कांदेवाल्याने तर कान मोडल्याची पूर्ण कथा ऐकून घेतली, त्यात बिबट्या होता. खरं म्हणजे कान दुसऱ्या कुत्र्याने फाडला होता, पण दादाने बिबट्या घातला. दादाने गप्पेत बिबट्या घातला हे कळल्यावर वहिनी फोनवर रडली. तिच्या मते तो तेव्हा बरा व्हायला लागला.

टायग्याचं काय, हेही बघायला हवं. दिवसभर गॅलरीच्या जाळीतून नाक बाहेर काढून बसायचा. रात्री हायवेवर ट्रकचा हॉर्न वाजला की दचकायचा. पुढचा पंजा चाटून चाटून त्याने एक जागा लाल करून ठेवली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, हा ताण आहे, याला मोकळं फिरायची सवय, तुम्ही कोंडलंय. कुणाच्या आधारासाठी आणलेल्या जनावराचाही धीर सुटू शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्यासाठी पत्र कोण लिहिणार?

हल्ली ओळखीतल्या दोघी-तिघींनी विचारलंय, मुलीला घाबरायचा त्रास आहे, पिल्लू आणू का? मी आधी विचारते, डॉक्टर काय म्हणतात? मग विचारते, सकाळी कोण उठणार? उठणारं कुणी नसेल, किंवा आजारी माणूस इतका खचलेला असेल की पाण्याचं भांडं भरायचंही ओझं होईल, तर पिल्लू आणून दोन जीव उपाशी ठेवायचे. आधी शेजारच्या कुत्र्याला महिनाभर फिरवून बघा. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात हस्की आणू नका, फोटो कितीही गोड असला तरी. प्राणी घरातच हवा असंही नाही. माझी एक मैत्रीण दर रविवारी नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात दुर्बीण घेऊन जाते. पाणकोंबडीला तिच्याकडून काही नको असतं आणि तिला तेच बरं वाटतं. तिचा स्वभाव तसा आहे. दादाचा नव्हता. आणि कुत्र्याचं आयुष्य बारा-तेरा वर्षांचं, तेव्हा आधार एक दिवस जाणार, हे आणताना ठाऊक असावं.

एप्रिलच्या छाटणीला दादा गावी गेला. पिकअपचं फाळकं उघडताच टायग्याने जी धाव घेतली ती थेट बांधावर, मागे वळून बघितलंही नाही. आता दादा महिन्याला एकदा नाशिकला येतो, टायग्या येत नाही, गाडी दिसली की खाटेखाली जातो. गोळ्यांची पट्टी वहिनीने टायग्याच्या भाकरीच्या डब्यात ठेवलीय. संध्याकाळी त्याला भाकरी घालायला डबा उघडला की पट्टी हाताला लागते.

या सगळ्या महिन्यांत बाग कुणी बघितली, हे मी आतापर्यंत लिहिलं नाही आणि तेव्हा आमच्यापैकी कुणी विचारलंही नाही. वहिनीने बघितली. गारपिटीचे पंचनामे, तलाठ्याकडे हेलपाटे, बँकेतल्या पायऱ्या, गोठा, तिच्या सासूबाईंची म्हणजे आईची औषधं, रात्रीची लाइट आली की पाणी द्यायला उठणं. मधल्या काळात तिचं बारीक होणं माझ्या लक्षात आलं होतं, पण तिच्या वाटेला तिकडे ना वही होती ना गुण. गेल्या महिन्यात ओट्यावर तांदूळ निवडताना मी तिला म्हटलं, "वहिनी, दादाला टायग्या होता. तुला कोण होतं गं?"

ती म्हणाली, "ताई, कुत्रं-मांजर नको. मला कुणीतरी दुपारी दोन तास झोपू द्या. फोन नको, दार वाजायला नको, अहोंची काळजी नको."

तेव्हापासून जमेल त्या रविवारी मी सकाळच्या एसटीने जाते. ती आतल्या खोलीला कडी लावून घेते. तिचा फोन माझ्याकडे, आई माझ्याकडे, दादा बागेत. टायग्या चारला येऊन डब्याशी उभा राहतो, आणि वहिनी उठलेली नसेल तर भाकरी मलाच मोडावी लागते. तो अजून माझ्यावर गुरगुरतो, पण भाकरी घेतो.